नवटाक उजेड

माझ्याकडे आजघडीला चार फ्लॅश आहेत. चौघांवर मिळून जेवढे पैसे गेले, तेवढ्यात माझ्या कॅमेऱ्याच्या कंपनीचा वरच्या दर्जाचा एक फ्लॅशही येत नाही. एकाचा पाय एम-सीलनं बसवलेला आहे. दुसरा मापात पाप करतो, त्याची गोष्ट पुढे येईल. तिसऱ्याच्या सेलच्या झाकणाला रबरबँड लागतो. चौथा एकदम धड आहे, आणि धड आहे म्हणूनच तो बहुतेक वेळा कपाटात असतो.

सुरुवात झाली ती गल्लीतल्या तालमीमुळे. मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. शाळा अकराची, म्हणजे पहाट मोकळी. तालमीत पाचला पोरं माती उकरायला घेतात. ताक, तेल, हळद, लिंबू पिऊन मऊ झालेली ती तांबडी माती, वर एकच पिवळा बल्ब, आणि पूर्वेच्या भिंतीत आठ फुटांवर दोन झरोके. डोळ्यांना हे असं काही दिसायचं की फोटोत आलंच पाहिजे असं वाटायचं. येत नव्हतं. फ्लॅशशिवाय काढला तर दोन पैलवानांच्या जागी दोन तांबडे ढग. कॅमेऱ्याच्या टाळूवरचा फ्लॅश उघडला तर कपाळं चमकायची, मागच्या भिंतीला काळी सावली चिकटायची आणि वर्षानुवर्षं जोर-बैठका मारून कमावलेले खांदे सपाट व्हायचे. वस्तादांना मी कौतुकानं कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. त्यांनी बघितलं, परत एकदा बघितलं.

"सर, ह्यो पैलवान हाय का लाटलेला पापड?"

बरोबरच होतं. अंगाचा घाट दिसतो तो सावलीमुळे. उजेड जिथून निघतो तिथूनच आपण बघत असलो, तर सावली अंगामागे दडून बसते आणि आपल्याला दिसतच नाही. उजेड बाजूला न्या, मागे न्या, मग कुठे पाठीच्या कण्याची पन्हाळ दिसते आणि दंडावरची शीर दिसते.

माझा मावसभाऊ इचलकरंजीला लग्नाचे फोटो काढतो. त्याला फोन केला. "दादा, आधी तो फ्लॅश कॅमेऱ्यावरनं उतरव," म्हणाला, आणि स्वतःचा फ्लॅश आठवडाभर वापरायला दिला. महागाचा, कंपनीचा, मोजमाप स्वतःच घेणारा. मी तो झरोक्यात ठेवला. फोटो सुधारले, पण मी बिघडलो. माझा एक डोळा कुस्तीवर आणि दुसरा झरोक्यावर. कुणी भिंतीला टेकलं की माझ्या पोटात गोळा. पोरांनी ढाक मारली, घिस्सा मारला, मला त्यातलं काही नीट दिसलं नाही. मला फक्त पस्तीस हजार रुपये दगडी कट्ट्यावर तोल सांभाळताना दिसत होते. तिसऱ्या दिवशी मी तो झरोक्यातून काढला आणि हातात धरून फोटो काढायला लागलो. हात जेमतेम दोन फूट पुरतो. पुन्हा पापड, फक्त एका बाजूनं फुगलेला.

कॅमेऱ्यापासून लांब ठेवायचा फ्लॅश हा हातातून सोडता आला पाहिजे. सोडायची हिंमत होत नसेल तर तो कितीही चांगला असो, आपल्या कामाचा नाही. स्वस्त फ्लॅश घ्यायचा निर्णय मी पैसे वाचवण्यासाठी घेतला असं घरी सांगितलं. खरं कारण हे होतं.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठली आणि सकाळी दुकानं उघडायच्या आत फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन उभा राहिलो. हौशी माणसानं त्या गल्लीत खिशात मोजके पैसे घेऊनच शिरावं. दुकानदारानं आधी तीन महागडे फ्लॅश काढले. मी म्हटलं, मॅन्युअल पाहिजे. त्यानं माझ्याकडे, ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन सोडून धुणं धोपटायची मोगरी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. मग खालच्या कप्प्यातून योंगनुओ या चिनी कंपनीचा ५६० थ्री निघाला. पाच हजारांच्या आत.

मॅन्युअल म्हणजे एवढंच, की किती उजेड टाकायचा हे फ्लॅश ठरवत नाही, आपण ठरवतो. टीटीएल नावाच्या पद्धतीत फ्लॅश आधी एक बारीकसा लखलखाट करतो, कॅमेरा तो लेन्समधून मोजतो आणि मग खरा उजेड सुटतो. वरातीत, जिथे नवरदेव क्षणात जवळ, क्षणात लांब, तिथे ही सोय लाखमोलाची. तालमीत मात्र ती घोटाळा करते. चौकटीत सावळ्या पाठी जास्त आल्या की यंत्राला वाटतं अंधार आहे, टाका उजेड. पांढरं धोतर नेसलेले वस्ताद आले की वाटतं झालं फार, करा कमी. अंतर तेच, माती तीच, आणि दर फोटोला उजेड निराळा. मॅन्युअलला हे काही कळत नाही. सांगितलेलं माप तो टाकत राहतो.

ते माप समजायला मला आजीचा उपयोग झाला. या फ्लॅशवर आकडे असतात ते १/१, १/२, १/४, १/८, १/१६ असे, थेट १/१२८ पर्यंत. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. शाळेत अपूर्णांक शिकवणाऱ्या माणसालासुद्धा पहाटे साडेपाचला ते नुसते आकडे वाटतात. मग एकदा लक्षात आलं, आजीच्या फडताळातली मापं नेमकी हीच होती. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. पूर्ण, निम्मा, पाव, अष्टमांश, षोडशांश. शेराचं नवटाक म्हणजे १/८ आणि छटाक म्हणजे १/१६, यात तसूभर फरक नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात फ्लॅश शेरा-पावशेरातच चालतो. याचा एक तोटा आहे. नवटाक हे माप आता लोकांना फक्त देशी दारूमुळे आठवतं. तालमीत मी झरोक्याकडे बघून "आज नवटाकच लावतो" असं मोठ्यानं म्हणालो, तेव्हा बैठका मारणारी सगळी पोरं मध्येच थांबली होती.

तालमीत माझं काम नवटाकावरच चालतं. पूर्ण शेर ओतायची गरज नसते आणि ओतूही नये, कारण अशा फ्लॅशमध्ये उजेड कमी करणं म्हणजे तो लवकर तोडणं. पूर्ण ताकदीला लखलखाट लांबतो, खाली येऊ तसा आखूड होत जातो. १/१२८ ला तो सेकंदाच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतका येतो. पैलवान आपटला की उडालेली मातीची ढेकळं हवेत थांबलेली दिसतात, ती या आखूड उजेडामुळे. शटरचं त्यात काही कर्तृत्व नाही. फ्लॅश लावला की शटर बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेता येत नाही. नेलं तर फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येते, कारण लखलखाटाच्या क्षणी शटरचा पडदा पूर्ण उघडलेलाच नसतो. स्वस्तातल्या ट्रिगरला, म्हणजे लांबचा फ्लॅश पेटवणाऱ्या डबीला, निरोप पोचवायला किंचित उशीर होतो, म्हणून मी १/१६० वर थांबतो. शंभर फोटोंवर काळी पट्टी आल्यावर सुचलेलं शहाणपण आहे ते.

आता ताकदीचं. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला गाइड नंबर बघून मी पहिल्यांदा भुललो होतो. कल्पना साधी, पाढ्यांची आहे. गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले ॲपर्चर, म्हणजे लेन्सच्या दाराचा आकडा; आकडा लहान तितकं दार मोठं. नंबर ४० असेल तर आठ पंचे चाळीस, पाच मीटरवर ॲपर्चर ८. चार दाहे चाळीस, दहा मीटरवर ४. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, ते गणित या पाढ्यात आपोआप येतं. मेख अशी, की डब्यावरचा आकडा फ्लॅशचं तोंड पूर्ण झूम करून, उजेडाचा झोत अगदी अरुंद करून काढलेला असतो. एकाचा १०५ मिलिमीटरला मोजलेला ५८, दुसऱ्याचा २०० ला मोजलेला ६०. या दोन आकड्यांची तुलना म्हणजे एकानं उंची अनवाणी मोजायची आणि दुसऱ्यानं टाचा उंचावून. शिवाय उजेड मऊ करायला छत्री लावली की झोत रुंद ठेवावा लागतो आणि वर छत्री स्वतः उजेड खाते. या किमतीतले बहुतेक नावाजलेले फ्लॅश ताकदीला जवळपास सारखेच. त्या आकड्यावरून भांडणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

विकत घेताना बघायचं ते माप. दुसरा फ्लॅश मी ऑनलाइन घेतला, आणखी हजार रुपये वाचवून. त्याचं नाव सांगत नाही. गणिताच्या मास्तरानं घरी बसून त्याची परीक्षा घेतली. पांढऱ्या भिंतीसमोर फ्लॅश एका जागी ठेवायचा. पूर्ण ताकद आणि ॲपर्चर ११, मग निम्मी आणि ८, पाव आणि ५.६, अष्टमांश आणि ४. उजेड निम्मा, दार दुप्पट, म्हणजे सगळे फोटो एकसारखे उजळ यायला हवेत. आले नाहीत. पूर्ण आणि निम्मा यांत फरक जवळजवळ नव्हताच. शेर मागितला तरी हा गडी अच्छेरावर थोडं घालून देत होता. दुसरी परीक्षा, एकाच मापावर लागोपाठ दहा फोटो. सातवा अंधारा. चार्ज होण्याआधीच तयार असल्याचा दिवा लावत होता. त्याला मी टाकून दिलं नाही, भिंत उजळायच्या कामावर ठेवलंय. तिथे थोडं इकडेतिकडे झालेलं कुणाला कळत नाही. पण पहिलाच फ्लॅश असा निघता तर चूक माझीच, असं समजून मी नाद सोडला असता. दुकानात घेत असाल तर भिंतीवरचे दहा फोटो तिथेच काढा. दुकानदार चिडतो, काढू देतो.

हा सगळा नाद जगभर पसरला त्यालाही स्वस्ताईच कारण. बाल्टिमोरच्या एका वर्तमानपत्रात फोटोग्राफर असलेले डेव्हिड हॉबी यांनी २००६ मध्ये 'स्ट्रोबिस्ट' या नावानं हे शिकवायला घेतलं: स्टुडिओतले जड दिवे नकोत, दोन छोटे फ्लॅश, एक छत्री आणि मॅन्युअल माप पुरे. तेव्हा असे नवे फ्लॅश फारसे कुणी बनवतच नव्हतं. लोक व्हिव्हिटार २८५ किंवा निकॉनचे जुने एसबी-२४, एसबी-२६, एसबी-२८ शोधत फिरायचे. एसबी-२६ ला विशेष मागणी, कारण त्याच्या अंगात दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून पेटणारा डोळा होता. मग चीनमधल्या शेनझेनच्या कारखान्यांना गिऱ्हाईक दिसलं.

जुन्याचा मोह मलाही झाला होता. एका बंद झालेल्या फोटो स्टुडिओचं सामान निघालं, त्यात जुना, काळा, वीटभर वजनाचा फ्लॅश पाचशे रुपयांत. मावसभावानं मल्टिमीटर आणायला लावला. फ्लॅशच्या बुडाचा मधला ठिपका आणि कडेची पट्टी यांच्यात मोजलं तर दीडशेच्या वर व्होल्ट. काही जुन्या फ्लॅशमध्ये हा आकडा आणखी वर जातो. फिल्मच्या कॅमेऱ्यात आत नुसता पत्र्याचा खटका असायचा, त्याला सोसायचं. आताच्या कॅमेऱ्यात त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक्स असतं. काही मॉडेलांना सहा व्होल्टच्या वर चालत नाही. भावानं हा धडा स्वतःचा कॅमेरा घालवून घेतलेला, म्हणून मल्टिमीटर त्याच्या बॅगेतच असतो.

तिसरा आणि चौथा मी गोडॉक्सचे टीटी६०० घेतले. तोवर माझ्या लक्षात आलं होतं की या धंद्यात खरी सोय रेडिओची आहे. उजेड बघून पेटणारे स्लेव्ह खोलीत ठीक चालतात, पण झरोक्यातून ऊन आलं की आंधळे होतात, आणि शेजारच्या टीटीएल फ्लॅशच्या आधीच्या बारीक लखलखाटालाच फसून लवकर पेटतात. त्यासाठी एस-टू नावाची एक सोय असते, ती पहिला लखलखाट सोडून देते. रेडिओ पोटातच असला की हे काहीच नको. ५६० थ्रीच्या पोटात घेणारा रेडिओ आहे, ५६० फोरच्या पोटात घेणारा आणि धाडणारा दोन्ही, आणि टीटी६०० चंही तसंच. कॅमेऱ्यावर एक छोटी डबी बसवली की झरोक्यातल्या फ्लॅशचं माप मातीच्या कडेला उभं राहून बदलता येतं. नाहीतर प्रत्येक वेळी लाकडी घोडा आणा, चढा, बटण दाबा, उतरा. एका पहाटेत मी अकरा वेळा चढलो होतो. वस्ताद म्हणाले, सर, तुमचा बी व्यायाम होतोय. फक्त एक: या दोन कंपन्यांचे रेडिओ एकमेकांशी बोलत नाहीत. एक घर धरायचं आणि त्याच घरात राहायचं. मी दोन घरांत पाय ठेवले आणि आता दोन डब्या सांभाळतो. सोनीचा कॅमेरा असेल तर फ्लॅश बसवायचा बूटही निराळा, त्याला टीटी६००एस.

सेलबद्दल थोडक्यात. चार पेन्सिल सेल, रिचार्जचे, निकेल-मेटल हायड्राइडचे. साधे अल्कलाइन घड्याळाला, रिमोटला छान. फ्लॅशची एकदम उपसायची भूक त्यांना झेपत नाही, दोन फोटोंमधली वाट बघणं लांबत जातं. चार-चारांचे संच ठरवून त्यांवर मार्करनं अ, ब, क लिहून ठेवा. आणि काम झालं की सेल बाहेर. रबरबँडवाल्या फ्लॅशचं झाकण सेल पाझरल्यामुळेच गेलं. दोष माझा, मे महिन्याच्या सुट्टीचा.

छत्रीची मात्र मौज आहे. पांढरी, उजेड आरपार सोडणारी छत्री चार-पाचशेला मिळते, आणि चार फ्लॅशपेक्षा ती एक छत्री फोटोत जास्त फरक करते. का, ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागू नये. दिवाळीत गॅलरीत उघडा बल्ब लावला तर भिंतीवर सुरीसारखी सावली पडते. त्याच बल्बावर आकाशकंदील चढवला की सावलीच्या कडा विरघळतात. बल्ब तोच, कागदानं त्याचा आकार मोठा केला. उजेड मऊ होतो तो आकारानं, आणि तोही जवळ असेल तर. लांब नेला की मोठी छत्रीसुद्धा पुन्हा बल्बासारखीच वागायला लागते. वस्तादांचा फोटो काढायचा म्हणून एकदा मी खरोखर आकाशकंदिलात फ्लॅश घातला होता. चेहरा मऊ, सुरेख आला. पण कंदिलाची निळी पट्टी नेमकी त्यांच्या मिशीवर उतरली.

रंगाचं तेच. तालमीतला बल्ब पिवळा, फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा. दोन्ही एका फोटोत आले की पैलवान एका बाजूनं आजारी दिसतो. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जिलेटीन लावलं की भांडण मिटतं. स्टेशनरीच्या दुकानातला रंगीत कागद चालवून बघितला, पूर्ण ताकदीच्या पाच-सहा लखलखाटांत सुरकुतला. शेवटी आमच्या हौशी नाटकमंडळींच्या प्रकाशयोजना करणाऱ्या मित्राकडून स्पॉटच्या जिलेटीनचे उरलेले तुकडे मागून आणले. तळहाताएवढा तुकडा एका फ्लॅशला वर्षभर पुरतो.

झरोक्यातला फ्लॅश पडणार हे मला ठाऊकच होतं, फक्त तारीख माहीत नव्हती. दोन पोरं झोंबत भिंतीवर गेली, भिंत हलली, आणि ५६० थ्री आठ फुटांवरून थेट आखाड्यात. मातीत तोंड रुतवून पडला. तालीम एकदम शांत झाली. सगळी माझ्याकडे बघत होती. मी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून उभा होतो आणि मला, खरं सांगतो, हसू येत होतं. पाय मोडला होता. तोंडात हळदीची माती गेली होती. बटण दाबलं, पेटला. वस्तादांनी तो उचलला, उलटासुलटा केला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"कितीला पडला?"

"पाच हजारांच्या आत."

"मग ठेवा की हितंच. रोज आणायचा, न्यायचा, कशाला?"

आणि ठेवला. मारुतीच्या शेजारच्या कोनाड्यात, एम-सीलच्या पायावर. खासबागेत किंवा कुठल्याही मैदानात कुस्ती जुंपलेली असताना मी फ्लॅश लावत नाही. डाव लागताना डोळ्यांवर लखलखाट बरा नव्हे. पण तालमीतला झरोका मागच्या अंगाला आहे, उजेड पाठीवर पडतो, आणि पोरांना त्याची सवय झालीय. माझी कसर तर पोरांनीच भरून काढली. त्यांच्यातला एकजण आता मला न विचारता फ्लॅशचं तोंड झरोक्यात थोडं खाली वळवून ठेवतो, आणि त्याचं बरोबर असतं. आयएसओ ४००, ॲपर्चर ५.६, पाच मीटर, नवटाक. हे माप आमच्याकडे आता घरच्या चहासारखं ठरलेलं आहे.

गेल्या खंडेनवमीला पहाटे गेलो, तर गदा, करेला, मुद्गल, फावडी ओळीनं मांडून पूजा झालेली. ओळीच्या टोकाला माझा फ्लॅश. झेंडूचं फूल, आणि नेमक्या काचेवर हळद-कुंकवाची दोन बोटं. मी रुमाल काढला.

"पुसू नका सर, आज नवमी हाय."

झरोक्यात ठेवून एक फोटो काढला. पाठीवर एका अंगानं तांबूस झाक होती आणि उजेड थोडा कमी पडत होता. कॅमेऱ्यावरच्या डबीचं बटण दाबून मी नवटाकावरून पावशेरावर गेलो.